ॲक्सेस फाइलमधल्या टेबलांची यादी काढताना ‘वाचण्याची परवानगी नाही’ हा एरर पुन्हा पुन्हा का येतो

मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅमच्या जुन्या फाइलमधला डेटा दुसरीकडे न्यायचा असला की पहिलं काम ठरलेलं: आत टेबलं कोणकोणती आहेत ते पाहायचं. चार-पाच टेबलं असतील तर फाइल उघडून नावं हातानं उतरवता येतात. पण तशीच फाइल दर महिन्याला येणार असेल आणि इम्पोर्ट आपोआप व्हायला हवा असेल, तर यादी क्वेरीनंच, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या लेखी प्रश्नानंच, काढावी लागते. तिथंच हा संदेश समोर येतो:

रेकॉर्ड वाचता येत नाही. ‘एमसिसऑब्जेक्ट्स’ वाचण्याची परवानगी नाही.

मूळ संदेश इंग्रजीत असतो. ओडीबीसीमार्फत (बाहेरच्या प्रोग्रॅमनं ड्रायव्हर वापरून डेटाबेसशी बोलायची सर्वसाधारण पद्धत) जोडणी केली असेल तर त्याच्या शेवटी उणे १९०७ हा आकडा दिसतो, डीएओमार्फत (ॲक्सेसची स्वतःची पद्धत) असेल तर एररचा क्रमांक ३११२ असतो. दुखणं एकच. (खालच्या क्वेरी आणि आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना त्या रोमन अक्षरांतच करायच्या.)

या एररवर सगळीकडे सांगितला जाणारा उपाय दोन मिनिटांचा आहे आणि तो लागूही पडतो. पण पुढच्या महिन्यात एरर परत येतो. एकाच कामासाठी मी तो उपाय चार वेळा केला आहे. चौथ्या वेळी लक्षात आलं की परवानगी हा इथला खरा प्रश्नच नाही; आपण यादी चुकीच्या दारातून मागतो आहोत. म्हणून आधी तो दोन मिनिटांचा उपाय सांगतो आणि मग योग्य दार कोणतं ते.

एरर कुठून येतो

ॲक्सेस आपल्या फाइलमधल्या टेबल, क्वेरी, फॉर्म, रिपोर्ट अशा प्रत्येक वस्तूची नोंद ‘एमसिसऑब्जेक्ट्स’ नावाच्या लपवलेल्या सिस्टिम टेबलात ठेवतं. ॲक्सेस उघडून आतून क्वेरी चालवली की हे टेबल विनातक्रार वाचता येतं. त्यामुळे बहुतेक जण क्वेरी आधी तिथं लिहितात, ती चालते, मग तीच उचलून पायथॉन, सी शार्प किंवा एखाद्या इम्पोर्टच्या साधनात टाकतात आणि अडकतात.

बाहेरून येणारी जोडणी, वेगळं काही सांगितलं नसेल तर, ‘ॲडमिन’ नावाच्या खात्यानं फाइलमध्ये शिरते. नाव भारदस्त असलं तरी सिस्टिम टेबलं वाचण्याचा हक्क त्या खात्याला सुरुवातीला नसतो. तुमचं विंडोजचं खातं, फाइलच्या फोल्डरवरचे हक्क, अँटिव्हायरस यांचा या एररशी काही संबंध नाही. फोल्डरच्या परवानग्या बदलण्यात वेळ घालवू नका.

दोन मिनिटांचा उपाय असा. फाइल ॲक्सेसमध्ये उघडा, ऑल्ट आणि एफ११ दाबून व्हीबीएची (ॲक्सेसमधल्या प्रोग्रॅमिंग भाषेची) खिडकी आणा, कंट्रोल आणि जी दाबून ‘इमिजिएट’ खिडकी उघडा आणि तिथं ही एक ओळ चालवा:

करंटप्रोजेक्ट.कनेक्शन.एक्झिक्यूट "ग्रँट सिलेक्ट ऑन एमसिसऑब्जेक्ट्स टू ॲडमिन"

काही छापलं गेलं नाही, म्हणजे काम झालं. जुन्या एमडीबी फाइलींसाठी हीच परवानगी मेनूतूनही देता येत असे. ॲक्सेस २००७ मध्ये एसीसीडीबी हा नवा फाइल प्रकार आला. त्यात वापरकर्तानिहाय परवानग्यांची सोयच काढून टाकली गेली, त्यामुळे अशा फाइलीत मेनूमध्ये शोधून काही सापडत नाही. वरची ओळ मात्र तिथंही चालते.

आता तो एरर परत का येतो ते. ही परवानगी फाइलच्या आत लिहिली जाते. तुमच्या कॉम्प्युटरवर नाही, ड्रायव्हरमध्ये नाही, त्या एका फाइलमध्ये. पुढच्या महिन्यात समोरचा माणूस त्याच्याकडची मूळ फाइल पाठवतो. त्या फाइलला तुमच्या परवानगीचा पत्ताच नसतो. चार शाखांकडून चार फाइली येत असतील तर प्रत्येक फाइल उघडून हेच करावं लागतं. शिवाय जिथं इम्पोर्ट चालतो त्या सर्व्हरवर बहुधा ॲक्सेस बसवलेलंच नसतं, नुसता ड्रायव्हर असतो. तिथं ‘इमिजिएट’ खिडकी आणायची कुठून?

यादी ड्रायव्हरकडे मागा

प्रत्येक डेटाबेस ड्रायव्हरला आपल्याकडच्या टेबलांची यादी सांगण्याची वेगळी सोय असते. ती वापरली की सिस्टिम टेबलाला हात लावावा लागत नाही, परवानगीचा प्रश्न उठत नाही, आणि उद्या नवी फाइल आली तरी तोच कोड चालतो. ओडीबीसीमध्ये या सोयीचं नाव ‘एसक्यूएलटेबल्स’. पायथॉनच्या पायओडीबीसी या लायब्ररीमध्ये ती ‘कर्सर.टेबल्स()’ अशी दिसते. डॉटनेटमध्ये ओडीबीसी जोडणीवर ‘गेटस्कीमा("टेबल्स")’ आणि ओएलईडीबी (मायक्रोसॉफ्टची दुसरी जोडणीची पद्धत) जोडणीवर ‘गेटओएलईडीबीस्कीमाटेबल’. ओएलईडीबीवरच चालणाऱ्या जुन्या एडीओ लायब्ररीमध्ये ‘ओपनस्कीमा(२०)’, कारण टेबलांच्या यादीचा क्रमांक २० आहे.

चारही ठिकाणी प्रत्येक टेबलाचं नाव आणि त्याचा प्रकार मिळतो. प्रकाराच्या रकान्याकडे नीट पाहा, कारण पुढचे निम्मे घोटाळे तिथंच होतात.

ओडीबीसीत साध्या टेबलाचा प्रकार ‘टेबल’ असा येतो, सिस्टिम टेबलाचा ‘सिस्टिम टेबल’, आणि दुसऱ्या फाइलीतून जोडून घेतलेल्या टेबलाचा ‘सिनॉनिम’. एडीओ आणि ओएलईडीबीमध्ये हेच जोडलेलं टेबल ‘लिंक’ म्हणून दिसतं, ते ओडीबीसीनं एखाद्या सर्व्हरला जोडलेलं असेल तर ‘पास-थ्रू’ म्हणून. सेव्ह केलेल्या साध्या सिलेक्ट क्वेरी दोन्हीकडे ‘व्ह्यू’ या प्रकारात येतात. ओएलईडीबीत ‘ॲक्सेस टेबल’ असाही एक प्रकार भेटतो. नावावरून फसू नका, ती ॲक्सेसच्या स्वतःच्या कारभाराची टेबलं असतात, तुमच्या डेटाची नव्हेत.

पायथॉन वापरणाऱ्यांसाठी एक खास इशारा. ‘कर्सर.टेबल्स()’ नवी यादी हाती देत नाही, तोच कर्सर (क्वेरी चालवून ओळी एकेक करून देणारी वस्तू) परत देतो. त्यामुळे यादीवरून फिरता फिरता त्याच कर्सरवर ‘सिलेक्ट काउंट’ चालवलं की उरलेली यादी पुसली जाते. पहिल्या टेबलाची ओळसंख्या छापली जाते आणि लूप तिथंच थांबतं किंवा भलताच एरर देतं. माणूस मग समजतो की फाइलमध्ये एकच टेबल आहे. यादी आधी पूर्ण उचलून घ्या:

ओळी = कर्सर.टेबल्स().फेचऑल()

मग ‘ओळी’वरून निवांत फिरा. किंवा मोजणीसाठी दुसरा कर्सर घ्या.

यादी आली, पण टेबलं कमी आहेत

परवानगीच्या एररपेक्षा ही अडचण मला जास्त धोक्याची वाटते, कारण इथं एरर येतच नाही. इम्पोर्ट यशस्वी झाल्याचा संदेश येतो आणि दोन आठवड्यांनी कोणीतरी विचारतं की पावत्यांचं टेबल कुठं आहे.

सर्वांत जास्त आढळणारं कारण म्हणजे दुभागलेला डेटाबेस. ॲक्सेसचं एकाच वेळी अनेकांनी वापरायचं काम बहुधा दोन फाइलींत विभागलेलं असतं. एकीत फॉर्म, रिपोर्ट आणि क्वेरी, दुसरीत खरी टेबलं. पहिल्या फाइलीत टेबलं दिसतात, उघडतातही, पण ती नुसती जोडलेली असतात. तुम्हाला पाठवणारा माणूस रोज जी फाइल उघडतो तीच पाठवतो, म्हणजे पहिली. तुम्ही ड्रायव्हरकडे फक्त ‘टेबल’ या प्रकाराची यादी मागितली की ती रिकामी किंवा जवळपास रिकामी येते.

म्हणून पहिल्यांदा यादी मागताना प्रकाराची अट घालूच नका. सगळं मागवा, डोळ्यांखालून घाला आणि मग अट ठरवा. ‘सिनॉनिम’ किंवा ‘लिंक’ दिसलं की समजायचं, मूळ डेटा दुसरीकडे आहे. तो नेमका कुठं, हे एमसिसऑब्जेक्ट्समध्येच सापडतं. अशा वेळी एकदा ॲक्सेसमध्ये फाइल उघडून ही क्वेरी चालवणं खरंच उपयोगी ठरतं:

सिलेक्ट [नेम], [टाइप], [डेटाबेस], [फॉरिननेम], [कनेक्ट]
फ्रॉम एमसिसऑब्जेक्ट्स
व्हेअर [टाइप] इन (१, ४, ६)
ऑर्डर बाय [टाइप], [नेम]

‘टाइप’ १ म्हणजे याच फाइलीतलं टेबल, ४ म्हणजे ओडीबीसीनं जोडलेलं, ६ म्हणजे दुसऱ्या ॲक्सेस फाइलीतून, एक्सेलमधून किंवा टेक्स्ट फाइलीतून जोडलेलं. ‘डेटाबेस’ रकान्यात मूळ फाइलीचा पूर्ण मार्ग असतो आणि ‘फॉरिननेम’मध्ये तिथलं मूळ नाव. ही दोन नावं वेगळी असू शकतात. इकडे ‘ग्राहक’ आणि तिकडे ‘ग्राहक_नवीन’ असं मी पाहिलं आहे. एकाच मूळ टेबलाला दोन वेगळ्या नावांनी जोडलेलंही पाहिलं आहे. तसंच इम्पोर्ट केलं तर प्रत्येक ओळ दोनदा येते.

तो मार्ग तुमच्या कॉम्प्युटरवर अस्तित्वात नसला तर जोडलेलं टेबल उघडताना ‘वैध मार्ग नाही’ असा ३०४४ क्रमांकाचा एरर येतो. इथं जोडणी दुरुस्त करत बसण्यापेक्षा मार्ग वाचून दाखवा आणि समोरच्याकडून ती दुसरी फाइल मागून घ्या. इम्पोर्ट तिच्यावरूनच करा.

टेबलं गळण्याचं दुसरं कारण म्हणजे एमसिसऑब्जेक्ट्समधल्या ‘फ्लॅग्ज’ या रकान्यावरची अट. ‘फ्लॅग्ज = ०’ अशी अट घातली की सिस्टिम टेबलं झटक्यात गळतात, म्हणून ती लोकप्रिय आहे. पण जोडलेल्या टेबलांचा फ्लॅग शून्य नसतो, आणि कोणी जाणूनबुजून लपवून ठेवलेल्या टेबलाचाही नसतो. दरपत्रक, कोडांच्या याद्या, वर्षाच्या अखेरच्या शिलकी अशी टेबलं लोक मुद्दाम लपवतात, चुकून कोणी हात लावू नये म्हणून. नेमकी तीच इम्पोर्टमध्ये लागतात.

व्हीबीएमधून डीएओ वापरून यादी काढणाऱ्यांची एक वेगळी गोची होते. टेबलडेफ्सवर (डीएओमधल्या टेबलांच्या संग्रहावर) फिरताना सिस्टिम टेबलं वगळायला असं लिहिलं जातं:

इफ टीडी.ॲट्रिब्यूट्स अँड डीबीसिस्टिमऑब्जेक्ट = ० देन

वाचायला बरोबर वाटतं, पण व्हीबीए आधी बरोबरीचं चिन्ह सोडवतं आणि नंतर ‘अँड’. ‘डीबीसिस्टिमऑब्जेक्ट = ०’ हे नेहमीच खोटं, खोटं म्हणजे शून्य, आणि शून्याशी ‘अँड’ केलं की उत्तर शून्यच. यादी पूर्ण रिकामी. कंस घातला की काम होतं:

इफ (टीडी.ॲट्रिब्यूट्स अँड डीबीसिस्टिमऑब्जेक्ट) = ० देन

यादीत भलतीच टेबलं दिसतात

उलटी अडचणही तितकीच नेहमीची. ॲक्सेसमध्ये सिस्टिम टेबलं वगळण्यासाठी ‘नेम नॉट लाइक "एमसिस*"’ अशी अट लिहिली, ती नीट चालली. तीच क्वेरी एडीओ किंवा ओडीबीसीतून चालवली आणि सगळी एमसिस टेबलं यादीत परत आली. एरर नाही, इशारा नाही.

कारण चिन्हाचं आहे. ॲक्सेसच्या आत, नेहमीच्या सेटिंगमध्ये, ‘काहीही चालेल’ यासाठी तारांकन वापरतात. एडीओ आणि ओडीबीसीतून आलं की त्या जागी टक्क्याचं चिन्ह लागतं, आणि तारांकन हे नुसतं तारांकन ठरतं. ‘एमसिस*’ या नावाचं टेबल कुठंच नसतं, त्यामुळे ‘नॉट लाइक’ची अट प्रत्येक टेबलाला खरी ठरते आणि काहीच वगळलं जात नाही. त्यातून गोंधळ असा की एकच माणूस ॲक्सेसमध्ये तपासतो, तिथं बरोबर दिसतं, आणि दोष इम्पोर्टच्या साधनाला देतो.

‘एलाइक’ हा शब्द वापरला तर दोन्हीकडे टक्का चालतो. मी मात्र अशा ठिकाणी चिन्हांच्या वाटेला जातच नाही:

लेफ्ट([नेम], ४) <> 'एमसिस'

इथं ४ का, असा प्रश्न देवनागरीत वाचताना पडेल. रोमन लिपीत ‘एमसिस’ची चार अक्षरं होतात. ही अट आतून, बाहेरून, कुठूनही सारखीच चालते.

टक्का वापरणाऱ्यांनी खालच्या रेघेपासून सावध राहावं. त्या व्यवस्थेत खालची रेघ म्हणजे ‘कोणतंही एक अक्षर’. ॲक्सेस २००७ पासून अटॅचमेंट आणि एका रकान्यात अनेक मूल्यं ठेवायची सोय आली. त्या सोयीसाठी ॲक्सेस आतल्या आत काही टेबलं बनवतं, त्यांची नावं ‘एफ’, खालची रेघ आणि मग लांबलचक सांकेतिक आकडा अशी असतात. ती वगळायला कोणी ‘नॉट लाइक "एफ_%"’ लिहिलं, की इंग्रजी एफ अक्षरानं सुरू होणारं, दोन किंवा अधिक अक्षरांचं प्रत्येक टेबल यादीतून जातं. फीचं टेबल, फाइलींचं टेबल, कर्मचाऱ्यांच्या कुटुंबाचं टेबल. इथंही ‘लेफ्ट’ हाच सरळ मार्ग. एसक्यूलाइट हा दुसरा डेटाबेस वापरणारेही या खड्ड्यात पडू शकतात, कारण तिथल्या अंतर्गत टेबलांची नावं ‘एसक्यूलाइट’ आणि खालची रेघ अशी सुरू होतात आणि तिथंही खालच्या रेघेचा अर्थ तोच आहे.

आणखी काही पाहुणे यादीत येतात. लहरी रेघेनं, म्हणजे टिल्डनं, सुरू होणारी नावं तात्पुरत्या वस्तूंची असतात. ‘टीएमपीसीएलपी’ असं त्यात दिसलं तर ते नुकतंच डिलीट केलेलं टेबल आहे, अजून पूर्ण पुसलं गेलेलं नाही. फाइल ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ केली की ते जातं. ‘पेस्ट एरर्स’ किंवा शेवटी ‘इम्पोर्टएरर्स’ असलेली टेबलं ॲक्सेसनंच कधीतरी बनवलेली असतात, जुन्या फसलेल्या कामाच्या नोंदी म्हणून. ड्रायव्हर त्यांना साधं ‘टेबल’ म्हणूनच दाखवतो, आणि त्याचं बरोबरही आहे, कारण ती साधी टेबलंच असतात. ती वगळायचं तुम्हीच ठरवायचं. वगळण्यापूर्वी एकदा उघडून पाहा. कधी कधी त्यातून कळतं की कोणत्या ओळी मागच्या वेळी आत आल्याच नव्हत्या, आणि ते तुमच्या इम्पोर्टसाठी मोलाचं असतं.

‘यूसिस’नं सुरू होणारी टेबलं मात्र सरसकट फेकू नका. नावामुळे ॲक्सेस ती यादीत लपवतं, पण ती बनवलेली असतात बहुधा माणसानं.

जोडणीच होत नाही

कधी यादीपर्यंत पोचताच येत नाही. ‘डेटा सोर्सचं नाव सापडत नाही आणि डीफॉल्ट ड्रायव्हर दिलेला नाही’ असा आयएम००२ हा एरर, किंवा ‘प्रोव्हायडर या कॉम्प्युटरवर नोंदवलेला नाही’. दहातल्या बहुतेक वेळी इथं ३२ आणि ६४ बिटची गल्लत असते. ड्रायव्हर ३२ बिटचा आणि पायथॉन ६४ बिटचा असेल तर ड्रायव्हर बसवलेला असूनही पायथॉनला तो दिसत नाही. पायओडीबीसीमध्ये ‘पायओडीबीसी.ड्रायव्हर्स()’ छापून पाहा. त्यात एमडीबी आणि एसीसीडीबी ही दोन्ही नावं असलेला ॲक्सेस ड्रायव्हर दिसायला हवा. नुसतं एमडीबी असलेला दिसला तर तो जुना जेट ड्रायव्हर, तो ३२ बिटमध्येच मिळतो आणि एसीसीडीबी उघडत नाही.

विंडोजमध्ये ओडीबीसीची सेटिंग दाखवणारे प्रोग्रॅमही दोन आहेत आणि दोन्हींचं फाइलनाव एकच, ओडीबीसीएडी३२. सिस्टिम३२ फोल्डरमधला ६४ बिटचा आणि सिसवाऊ६४ फोल्डरमधला ३२ बिटचा. नावं उलटी वाटतात, पण तसंच आहे. एकीकडे बनवलेली जोडणी दुसरीकडच्या प्रोग्रॅमला सापडली नाही तर नवल नाही.

फार जुनी फाइल असेल, ॲक्सेस ९७ च्या काळातली, तर ॲक्सेस २०१३ पासून पुढच्या आवृत्त्या ती उघडत नाहीत. ॲक्सेस २०१० मध्ये उघडून नव्या प्रकारात सेव्ह करून घेणं हा तिथला सरळ मार्ग.

लिनक्सवर एमडीबीटूल्स हे साधन आहे. ‘एमडीबी-टेबल्स’ ही त्यातली आज्ञा फाइल थेट वाचते, ॲडमिन खातं आणि परवानगी यांचा तिथं विषयच नाही. फक्त ती नावं एकाच ओळीत मोकळी जागा सोडून छापते. नावातच मोकळी जागा असेल, आणि ॲक्सेसमध्ये ती असतेच, तर ‘विक्री तपशील’ या एका टेबलाची दोन टेबलं होतात आणि दोन्ही सापडत नाहीत. ‘-१’ हा पर्याय दिला की प्रत्येक नाव वेगळ्या ओळीवर येतं. स्क्रिप्टमध्ये हा पर्याय नेहमीच ठेवा.

जावामध्ये ज्यांचा जुना कोड जेडीबीसी-ओडीबीसी पुलावर (जावातून ओडीबीसी वापरण्याची सोय) चालत होता त्यांना जावा ८ पासून तो पूल मिळत नाही. तिथं यूकॅनॲक्सेस ही लायब्ररी वापरा, यादी ‘गेटमेटाडेटा().गेटटेबल्स’ने काढा.

यादी हाती आल्यावर, इम्पोर्टच्या आधी

सगळ्यात आधी फाइलची प्रत. लोक काम करत असताना फाइलच्या शेजारी त्याच नावाची एलएसीसीडीबी फाइल असते, जुन्या प्रकारात एलडीबी. ती दिसत असेल तर कोणीतरी आत आहे. त्या क्षणी काढलेली प्रत अर्धवट लिहिलेली असू शकते. सगळ्यांना बाहेर पडायला सांगा, ती फाइल गेलेली पाहा, मग प्रत काढा आणि प्रतीवरच काम करा.

मग प्रत्येक नावावर ओळी मोजा. नाव चौकोनी कंसात ठेवा, नाहीतर मोकळ्या जागेवर क्वेरी तुटते. ही मोजणी एका फाइलीत लिहून ठेवा आणि इम्पोर्ट झाल्यावर पलीकडे, म्हणजे डेटा नेला त्या ठिकाणी, तीच मोजणी करून दोन्ही ताडून पाहा. टेबलांच्या यादीतली कोणतीही चूक, जास्त असो वा कमी, या एका ताळ्यात उघडी पडते. मी हे काम कधीच टाळत नाही.

पलीकडे पोस्टग्रेस हा डेटाबेस असेल तर नावांच्या लांबीचा हिशेब करा. ॲक्सेसमध्ये टेबलाचं नाव ६४ अक्षरांपर्यंत असतं. पोस्टग्रेसची मर्यादा ६३ बाइटची आहे, अक्षरांची नव्हे. आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, ३ बाइट घेतं. म्हणजे मराठी नावासाठी २१ चिन्हं. त्यापुढचं पोस्टग्रेस कापून टाकतं आणि फक्त एक सूचना देतं. ‘विद्यार्थी उपस्थिती तपशील पहिले सत्र’ आणि ‘विद्यार्थी उपस्थिती तपशील दुसरे सत्र’ ही दोन नावं कापल्यावर एकच होतात आणि दुसरं टेबल बनवताना ‘आधीच आहे’ असा एरर येतो. त्याहून वाईट म्हणजे साधनानं ‘असेल तर पुसून नवं बनव’ असं ठरवलेलं असेल, तर पहिल्या सत्राची हजेरी गेलीच. मराठी नावांच्या फाइली हाताळणाऱ्यांनी नवी नावं आधी ठरवून एक जुळणीची यादीच करावी.

कॉलमांची यादी काढताना पायथॉनमध्ये आणखी एक अडचण भेटते. ‘कर्सर.कॉलम्स()’ काही टेबलांवर यूटीएफ-१६ वाचता न आल्याचा एरर देतं आणि त्याचं कारण बहुधा त्या टेबलाच्या डिझाइनमध्ये कॉलमासमोर लिहिलेलं वर्णन असतं. वर्णनं पुसत बसू नका. त्या टेबलावर ‘व्हेअर १ = ०’ अशी रिकामी सिलेक्ट चालवा, ओळ एकही येणार नाही, पण ‘कर्सर.डिस्क्रिप्शन’मध्ये कॉलमांची नावं मिळतात.

शेवटी टेबलांचा क्रम. यादी प्रकार आणि नाव यांप्रमाणे येते, पण पलीकडे फॉरिन की (एका टेबलाची ओळ दुसऱ्या टेबलातल्या ओळीशी बांधणारा नियम) असेल तर ग्राहक आधी आणि पावत्या नंतर जायला हव्यात. ॲक्सेसचा ओडीबीसी ड्रायव्हर प्रायमरी की (प्रत्येक ओळ वेगळी ओळखणारा रकाना) आणि फॉरिन की सांगण्याची सोय देत नाही, ‘हे फंक्शन ड्रायव्हरमध्ये नाही’ असं उत्तर येतं. ओएलईडीबी मात्र सांगतं; एडीओमध्ये ‘ओपनस्कीमा(२७)’ फॉरिन की देतं आणि २८ प्रायमरी की. लिनक्सवर किंवा नुसत्या ओडीबीसीवर असाल तर पलीकडची बंधनं इम्पोर्ट संपल्यावर लावा. ती लावताना जी ओळ अडेल, तिची मूळ नोंद ॲक्सेसमध्येच अनाथ होती असं बहुतेक वेळा निघतं. तिचं काय करायचं हे डेटाच्या मालकाला विचारा, स्वतः पुसू नका.